दोन्ही पंखे फिरत होते

१

मौद्याची डायलिसिसची गाडी शुक्रवारी सकाळी साडेदहाला भंडारा रोडवर, पारडीच्या अलीकडे, उकळून बंद पडली. आत बसलेले नानाजी हटवार बेशुद्ध झाले.

ही सात सीटांची पांढरी गाडी तालुक्यातल्या अकरा गावांनी मिळून, ट्रस्ट काढून घेतलेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती चार पेशंटना नागपूरला मशीनवर घेऊन जाई आणि संध्याकाळी घरोघरी सोडी. त्या दिवशी पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि रांग पाऊण तास जागची हलली नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री. पेशंट होते म्हणून एसी चालू ठेवलेला. आधी एसीतून गरम हवा यायला लागली, मग इंजिनचा काटा लाल रेषेला टेकला, आणि एसी बंद करेपर्यंत बॉनेटखालून वाफ उसळली. नानाजींना मागच्या एका कारमधून दवाखान्यात नेलं. वय एकाहत्तर, किडन्या निकामी, त्यात उन्हाचा तडाखा. त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं.

शनिवारी ट्रस्टनं ड्रायव्हर ईश्वरदास ठवकर यांच्या हातात चिठ्ठी दिली. कूलंटची बाटली कोरडी ठणठणीत सापडली आहे, पाणी न पाहता गाडी काढली, पेशंटचा जीव धोक्यात घातला, सबब कामावरून थांबवण्यात येत आहे. ईश्वरदास एकतीस वर्षं गाडी चालवत होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या, खिशात ठेवली आणि घरी गेले.

रविवारी सकाळी नागपुरात, नंदनवनच्या ‘वंदना ऑटो इलेक्ट्रिक’मध्ये फोन वाजला. ट्रस्टच्या अध्यक्षा अनुसयाबाई भुरे बोलत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सरळ विषयाला हात घातला. मार्च महिन्यात या गाडीच्या पंख्याचं काम वंदनानं केलं होतं. इंजिन पंख्यापायी गेलं असेल तर तसं लिहून द्यावं लागेल, आणि तेही तिनंच.

वंदना पौनीकर एक्केचाळीस वर्षांची होती. उमरेडच्या विणकराच्या घरातली. तिचे वडील मागावर तुटलेला धागा असा सांधत की उलटसुलट करून पाहिलं तरी गाठ सापडत नसे. हीसुद्धा वायर तशीच जोडायची. गेल्या सतरा वर्षांत तिच्या हातचा जोड सुटला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पान्यांची पिशवी उचलली आणि शटर ओढलं.

२

ट्रस्टच्या अंगणात सावरीच्या मोठ्या झाडाखाली गाडी उभी होती. शेंगा फुटायचे दिवस. पांढरा कापूस हवेत तरंगत होता. अनुसयाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाजूला सचिव संजीव गभणे उभा होता. ज्युनियर कॉलेजात शिकवणारा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला नेमका माणूस. ती चिठ्ठी त्यानंच लिहिली होती.

वंदनानं आधी बाटली पाहिली. कोरडीच होती. पण तिनं झाकणाभोवती बोट फिरवलं, मग बॉनेटच्या आतल्या बाजूला. बोटाला हिरवट पांढरी खपली लागली. ती तिनं अनुसयाबाईंना दाखवली. बाटली आधीपासून रिकामी असती तर हा डाग पडलाच नसता. ही भरलेली होती. पाणी उकळून बाहेर उडालं आणि वाळलं.

“म्हणजे पाणी होतं,” अनुसयाबाई म्हणाल्या.

संजीव लगेच म्हणाला की पाणी होतं तर मग प्रश्न पंख्याचाच उरतो, आणि उजव्या पंख्यात काही भानगड असेल तर ती या ताईंच्याच हातची म्हणायची. तो आवाज न चढवता बोलला. वंदनाच्या कानशिलांवर मात्र रक्त चढलं. तिच्या कामावर बोट दाखवलं गेलं एवढंच तिला ऐकू आलं.

अनुसयाबाईंनी पंख्याचं काम नीट समजावून मागितलं, आणि तिनं ते सांगितलं. रेडिएटरच्या मागे दोन पंखे शेजारी शेजारी असतात. दोघांचं काम एकच, जाळीतून समोरची हवा आत ओढायची आणि रेडिएटरमधलं गरम पाणी निववायचं. गाडी रस्त्यानं पळत असली की वारा आपोआप लागतो, तेव्हा पंखे नसले तरी चालून जातं. गाडी थांबली की सगळी भिस्त त्यांच्यावर. एसी लावला की दोघं हळू फिरतात. त्या वेळी करंट आधी एका पंख्यातून जातो आणि त्यातून निघून दुसऱ्यात, म्हणून प्रत्येकाला अर्धंच बळ मिळतं. इंजिन जास्त तापलं की गाडीचा कॉम्प्युटर रिले, म्हणजे करंटची वाट बदलणारा छोटा स्विच, बदलतो. मग दोघांना वेगवेगळा, थेट बॅटरीचा करंट मिळतो आणि दोघं पूर्ण जोरात फिरतात.

“आता पाहू फिरतात का,” ती म्हणाली.

इंजिन चालू करायची सोय नव्हती. तिनं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला आणि चावी फिरवली. सेन्सरचा निरोप येईनासा झाला की कॉम्प्युटर धोका नको म्हणून पंखे जोरात सोडतो. घूं करून दोन्ही पंखे एकदम सुरू झाले. एकही अडखळला नाही.

तिनं चावी बंद केली. पाणी भरलेलं होतं. दोन्ही पंखे फिरत होते. आणि तरी इंजिन उकळलं होतं. सतरा वर्षांत असं तिनं पाहिलं नव्हतं.

३

ईश्वरदास घरी पडवीत बसले होते. अंगावर कामाचाच खाकी शर्ट होता. त्यांच्या बायकोनं वंदनाला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं की दोन दिवस झाले, हे धड जेवले नाहीत.

वंदनानं विचारलं तेवढ्याचीच त्यांनी उत्तरं दिली. शुक्रवारी निघताना बाटली पाहिली होती, भरलेली होती. वाफ निघाल्यावर बॉनेट उघडलं तेव्हा दोन्ही पंखे जोरात फिरताना डोळ्यांनी पाहिले. हायवेला गाडीला काही होत नव्हतं, पण सोमवारी आणि बुधवारी नागपुरात सिग्नलला थांबलं की एसी गरम हवा टाकायचा, आणि गाडी सुटली की पुन्हा थंड व्हायचा. बुधवारी त्यांनी हे ट्रस्टच्या ऑफिसात सांगितलंही होतं. पुढच्या आठवड्यात गॅस भरून घेऊ, असं उत्तर मिळालं.

“अन् त्याच्या आधीच्या शुक्रवारी?”

“एकदम बरोबर होती. बर्फासारखा एसी.”

म्हणजे जे काही घडलं ते मागच्या शनिवार-रविवारात. त्या दोन दिवसांत गाडी अंगणात उभी असते आणि चावी ऑफिसातल्या खिळ्याला. ऑफिसात जाणारी माणसं तीन, ईश्वरदास, संजीव आणि पेशंटसोबत जाणारी नर्स रीना. तुम्ही तेव्हा कुठं होतात, असं तिनं विचारलं. ईश्वरदास म्हणाले, शनिवारी इथंच होतो, रविवारी बहिणीकडे उमरेडला निघालो होतो, पण वाटेत उन्हानं चक्कर आली म्हणून परत फिरलो आणि घरीच पडून राहिलो. घरची माणसं लग्नाला गेली होती. घरात पाहणारं कुणी नव्हतं.

ती उठली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मी त्या माणसाले रोज हात धरून गाडीत बसवतो. मले चिठ्ठीचं काई नाई. नानाजी काय समजत असन, एवढंच वाटते.”

संध्याकाळी ती नागपुरात दवाखान्यात गेली. नानाजींना त्याच दुपारी वॉर्डात आणलं होतं. शेजारी रीना बसली होती. नानाजींचा आवाज क्षीण होता, पण त्यांनी सगळ्यात आधी ईश्वरदासचं विचारलं. त्याला थांबवलं म्हणून कळल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

रीनानं त्या शुक्रवारच्या सकाळचं सगळं सांगितलं. गाडी बंद व्हायच्या दोन मिनिटं आधी ती उतरली होती आणि मदत मागायला गाडीच्या पुढे उभी राहिली होती. तिथं उभं राहवत नव्हतं, ती म्हणाली. समोरच्या जाळीतून भट्टीसारखी झळ येत होती, ओढणी पुढे उडत होती.

“कुठं उभी होती तू? नेमकी?”

रीनानं आठवून सांगितलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दिव्यासमोर.

वंदना जिना उतरून स्कूटीपाशी आली आणि चावी लावून तशीच थांबली. गाडीच्या जाळीतून हवा आत जाते. उभ्या गाडीच्या तोंडातून वारा बाहेर कधीच येत नाही. निदान, यायला नको.

४

सोमवारी सकाळी ती पुन्हा मौद्याला होती. या वेळी तिनं बॉनेट आधी उघडलं नाही. खाली बसून टॉर्चनं समोरच्या जाळीच्या आत पाहिलं.

आठवडाभर गाडी सावरीखाली उभी राहत होती आणि तिथूनच निघत होती. पंखे हवा ओढतात, हवेबरोबर कापूस येतो आणि जाळीमागच्या पत्र्यांना चिकटतो. डाव्या अर्ध्या भागावर तसा कापसाचा पांढरा थर होता. उजवा अर्धा भाग, ड्रायव्हरच्या बाजूचा, स्वच्छ होता, जणू कुणी हातानं पुसून ठेवला होता. तिनं बॉनेट उघडून रेडिएटरच्या मागून टॉर्च घातला. तिथं उलट होतं. उजव्या बाजूला, इंजिनकडच्या अंगाला, पत्र्यांमध्ये कापूस अडकलेला होता.

उजवा पंखा उलटा फिरत होता. डावा समोरची हवा आत ओढायचा, उजवा इंजिनची गरम हवा पुढे ढकलायचा, आणि ती पुढे गेलेली गरम हवा डावा पुन्हा आत घ्यायचा. दोन पंखे एकाच गरम हवेशी खेळत बसले होते. हायवेवर समोरचा वारा इतका जोरात येई की उलट्या पंख्याचं त्याच्यापुढे काही चालत नसे. गाडी थांबली की खरा घोळ सुरू होई. वरून पाहणाऱ्याला मात्र दोन गरगरणारे पंखे दिसणार, आणि तो म्हणणार, सगळं ठीक आहे. ती स्वतःही तेच म्हणाली होती.

अशा पंख्याची मोटर साधी असते. तिच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. पण कंपनीचा प्लग उलटा बसतच नाही. कुणीतरी वायर कापल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं.

तिनं उजव्या पंख्याच्या वायरींची जुडी मोकळी केली. काळी नळी सरकवल्यावर आत वायरींना पीळ देऊन वर लाल टेप गुंडाळलेली दिसली. तिच्या हातचा जोड असा नसतो. आणि मार्चमध्ये तिनं बदलला होता तो डावा पंखा. उजव्याला तिनं हातही लावला नव्हता.

मोटरच्या पाठीवर पिवळ्या रंगात एक खूण होती, गोलात सात. जुने पार्ट विकणारे अशी खूण करतात, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याचा माल परत आणू शकत नाही. हा पंखा या गाडीचा नव्हताच.

५

कामठी रोडवरच्या चार भंगारवाल्यांनी मान हलवली. पाचव्यानं खूण ओळखली. तो पंखा त्यानं आठ दिवसांपूर्वी, रविवारी कामठीतल्या अश्विन नावाच्या फिटरला दिला होता.

अश्विनचं दुकान म्हणजे एक टपरी, मागे पॉवरलूमची खडखड. पंचविशीतला पोरगा. पहिल्यांदा त्यानं कानावर हात ठेवले. वंदनानं भांडण केलं नाही. तिनं लाल टेपेचा तुकडा त्याच्या टेबलावरच्या लाल टेपेच्या रिळाशेजारी ठेवला आणि नानाजींबद्दल सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

मग तो बोलला. त्या रविवारी दुपारी एक माणूस पांढरी गाडी घेऊन आला. कुठंतरी दगडाला ठोकली होती. पुढच्या बंपरच्या खाली आत मार लागून उजव्या पंख्याची मोटर फुटली होती, आतली वायर तुटली होती. संध्याकाळच्या आत करून दे, म्हणत होता. त्या मॉडेलचा पंखा मिळाला नाही म्हणून दुसऱ्या गाडीचा लावला. प्लग बसेना म्हणून वायर कापली.

“निळीले निळी जोडली, काळीले काळी,” तो म्हणाला. “पंखा फिरला, म्हून म्हटलं झालं.”

“त्या गाडीत निळी प्लस असते, अन् ह्या गाडीत निळी मायनस. हवा कुठं चालली हे नाई पाह्यलं?”

त्यानं मान खाली घातली.

माणूस कोण होता ते त्याला सांगता येईना. मे महिन्यातली दुपार, त्या माणसानं डोळ्यांखाली सगळं तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात होती. गाडीच्या दारावर ट्रस्टचं नाव पाहून त्यानं विचारलं होतं, तुम्ही कोण? तेव्हा तो माणूस म्हणाला होता, मी ह्या गाडीचा डायवर आहो.

वंदना टपरीच्या बाकावर बसली. त्या रविवारी ईश्वरदास कुठं होते, हे पाहणारं कुणी नव्हतं. चावी कुठं असते हे त्यांना माहीत होतं. तो दोन दिवस न जेवलेला माणूस, खिशात चार घड्यांची चिठ्ठी. तिला त्यांच्यावर संशय घ्यावासा वाटत नव्हता. पण वाटण्यावर चाललं असतं तर तिचं दुकान सतरा वर्षं टिकलं नसतं.

“आणखी काई आठव,” ती म्हणाली. “काईही.”

अश्विननं डोकं खाजवलं. मग म्हणाला की तो डायवर जरा येडाच होता. बॉनेट उघडा म्हटलं तर त्यानं डिझेल टाकीचं झाकण उघडलं. शेवटी अश्विननंच आत हात घालून बॉनेटचा खटका ओढला.

वंदनानं त्याच्याकडे पाहिलं आणि मौद्याच्या अंगणात संजीव काय बोलला होता ते तिला पहिल्यांदा शब्दाशब्दानं ऐकू आलं.

६

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तिनं सगळ्यांना बोलावलं. अनुसयाबाई, कमिटीचे चार जण, संजीव, रीना, आणि तिनं आग्रह केला म्हणून ईश्वरदास. ते खाकी शर्ट घालून आले आणि गाडीपासून लांब, झाडाला टेकून उभे राहिले. अश्विनही आला होता. तो फाटकाशी थांबला. हा कोण, असं कुणी विचारलं नाही.

संजीव ड्रायव्हरच्या दाराजवळ उभा होता. वंदना पिशवी उघडता उघडता म्हणाली, “सर, जरा बॉनेट उघडता का? माझे हात भरले आहेत.”

संजीवनं दार उघडलं, वाकला, सीटखाली चाचपलं आणि एक खटका ओढला. मागे टक्क आवाज झाला आणि डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं.

फाटकातून अश्विन म्हणाला, “हेच होते. त्या दिवशीही हेच झाकण उघडलं.”

तो मोठ्यानं बोलला नव्हता, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. संजीव दाराशी तसाच वाकलेला राहिला.

वंदनानं आधी गाडीचं दाखवायचं ठरवलं होतं आणि तिनं तोच क्रम ठेवला. बॉनेट उघडलं, सेन्सरचा प्लग काढला, चावी फिरवली. दोन्ही पंखे सुरू झाले. तिनं ईश्वरदासांकडे हात केला आणि ती चिठ्ठी मागितली. त्यांनी खिशातून काढून दिली. तिनं घड्या उलगडल्या आणि कागद समोरच्या जाळीच्या डाव्या अंगाला धरून सोडला. कागद जाळीला चिकटून बसला. तो काढून तिनं उजव्या अंगाला धरला. सोडल्याबरोबर तो उडाला आणि अंगणातल्या धुळीत जाऊन पडला.

कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं पुन्हा करायला सांगितलं. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी अनुसयाबाईंनी स्वतः उठून हात जाळीपुढे धरला, आधी इकडे, मग तिकडे, आणि परत खुर्चीत बसल्या.

मग तिनं एकेक गोष्ट सांगितली. कापूस, रीनाची ओढणी, लाल टेप, पिवळा सात. अश्विननं पुढे येऊन त्या रविवारचं सांगितलं आणि वायरीची चूक आपली हे कबूल केलं.

“त्या माणसानं स्वतःले डायवर म्हटलं,” वंदना म्हणाली. “एकतीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला बॉनेटचा खटका सापडत नाही? आणि दुसरं. परवा मी बॉनेट उघडलं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की बिघाड कुठं आहे. मलाही नाही. मी मार्चमध्ये बदलला तो डावा पंखा. तरी सर म्हणाले, उजव्या पंख्यात काही भानगड असेल. दोनातला उजवा काहून? कारण त्यांना उजवाच माहीत होता.”

अनुसयाबाईंनी विचारलं की एक पंखा गेला होता तर गाडी तशीच आणून उभी करता आली असती, दुरुस्तीची एवढी घाई कशाला? याचं उत्तर पंख्यांतच होतं. एसी लावल्यावर हळू फिरताना करंट एका पंख्यातून दुसऱ्यात जातो. एक तुटला की वाट तुटते आणि दोन्ही थांबतात. सोमवारी सकाळी ईश्वरदासांनी एसी लावला असता तर पंख्यांचा आवाजच आला नसता आणि त्यांनी तिथंच बॉनेट उघडलं असतं. म्हणून सोमवारच्या आत दोन्ही फिरताना दिसायला हवे होते. तसे ते दिसले.

आता सगळे संजीवकडे पाहत होते. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कामठीला मेहुण्याचं लग्न ठरून साक्षगंध होतं, तो म्हणाला. स्वतःची गाडी गॅरेजमध्ये होती. सासरच्या लोकांत ऑटोनं जायची लाज वाटली. दगड दिसला नाही, आणि ठोकल्यावर एसी चालू असून पंख्यांचा आवाजच बंद झाला. ट्रस्टची गाडी पेशंटशिवाय कुणी काढायची नाही हा नियम त्यानंच लिहिला होता. बुधवारी ईश्वरदासांनी एसीचं सांगितलं तेव्हाच त्याला शंका आली होती, पण बोललं तर सगळंच बाहेर पडलं असतं.

“अन् चिठ्ठी?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“बाटली कोरडी दिसली, मॅडम. मला वाटलं, पाणीच नसेल. म्हणजे माझ्यामुळे नसेल. तसं असावं असं वाटलं.”

हे तो खरं बोलला असावा. त्यामुळे ते ऐकायला जास्त वाईट वाटलं.

अनुसयाबाई म्हणाल्या, “ती चिठ्ठी उचला.”

संजीवनं अंगणातून कागद उचलला. त्यांनी त्याला सांगितलं की ज्या अक्षरात ही लिहिली त्याच अक्षरात खाली लिहा, हे सगळं खोटं होतं आणि का खोटं होतं. त्यानं गाडीच्या दारावर कागद टेकवून लिहिलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सचिवपदाचा राजीनामा त्यानं त्याच संध्याकाळी दिला. इंजिनच्या दुरुस्तीची जबाबदारीही त्यानं कुणी न सांगता घेतली.

ईश्वरदास झाडाला टेकूनच सगळं ऐकत होते. वाचून झाल्यावर ते सरळ उभे राहिले, कॉलर नीट केली आणि वंदनाजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

“मी बॉनेट उघडून पाह्यलं होतं वं,” ते म्हणाले. “दोन्ही फिरत होते. मले समजलं नाई. एकतीस वर्षं झाले अन् समजलं नाई. मले शिकव.”

७

इंजिन उघडून उकळून वाकलेलं हेड, म्हणजे त्याचं वरचं झाकण, दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागणार होते. तेवढ्या दिवसांसाठी पेशंटना न्यायला एका गावानं आपली गाडी दिली. ईश्वरदास ती चालवत, पेशंट मशीनवर गेले की नंदनवनला वंदनाच्या दुकानात येत आणि चार तास बसत. वय अठ्ठावन्न. त्यांनी शाळेची वही आणली होती. रिलेचे चार पाय कोणते, कोणता करंट कुठून येतो, एका पाठोपाठ जोडलं की काय होतं आणि शेजारी शेजारी जोडलं की काय, हे ते चित्र काढून घेत. दुकानात येणारी पोरं हसत. वंदना त्यांना हसू देत नसे. एकदा अश्विनही येऊन बसला. ईश्वरदासांनी त्याला आपल्या वहीतलं पान दाखवलं आणि तो खाली मान घालून ते उतरवून घेत राहिला.

नानाजी घरी आले. नवी मोटर बसलेली गाडी पहिल्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा ते पुढच्या सीटवर बसले आणि वाटेत मागच्या पेशंटना सांगत राहिले की आपला डायवर आता कॉम्प्युटरचंही पाहतो.

जुलै संपता संपता एका दुपारी वंदनाला ईश्वरदासांचा फोन आला. ते रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बोलत होते. मागे गाड्यांचा आवाज येत होता. सकाळी भंडाऱ्याकडून येणारी एक अ‍ॅम्ब्युलन्स त्यांना रस्त्यात उभी दिसली होती. बॉनेट उघडं, काटा चढलेला, आत बाळंतपणाला निघालेली बाई. त्यांनी आपली गाडी बाजूला घेतली आणि पाहिलं. पंखे बंद. पंख्याची मोटर ठीक, फ्यूज ठीक, पण रिले टकटक करत नव्हता.

“मंग काय केलं?” वंदनानं विचारलं.

“फ्यूजच्या डब्बीत पाह्यलं. भोंग्याचा रिले सेम टू सेम. काढला अन् पंख्याच्या जागी खोसला. घूं करून सुरू झाले. आधी कागद धरून पाह्यला, हवा आत चालली का बाहेर. काटा खाली आला, तसे सोडले त्याइले.”

वंदनाच्या हातात सोल्डरिंगची गन होती. ती तिनं बाजूला ठेवली.

“भोंगा नाई वाजणार आता त्याइचा,” ईश्वरदास म्हणाले. “तो डायवर म्हणे, काका, बिनभोंग्याचा कसा जाऊ? मी म्हटलं, सायरन आहे ना गा तुह्यापाशी. जाय.”

मागून एक ट्रक गेला आणि क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले की आत्ताच त्याचा फोन आला. बाई पोचली. पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. वंदनानं फोन स्पीकरवर टाकला आणि ईश्वरदासांना म्हणाली, “काका, ते पहिल्यापासून सांगा. सगळ्यांना ऐकू द्या.”